अर्ध्या खाचेवरचा घोडा

सेंट ओमेर, मेन
१२ सप्टेंबर २०११

लूसिएन,

नावाआधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग कागद बदलला. हे पत्र बहिणीचं समजू नकोस. तुमच्या पेंड्रिक कंपनीच्या रायफली विकणाऱ्या एका दुकानदार बाईचं समज. तुमच्या तक्रार विभागातली मुलगी फोनवर गोड बोलते, दर वेळी माझं नाव नव्याने विचारते आणि फोन पुढे देते. तो पुढे कुठेच पोचत नाही. म्हणून थेट तुला लिहितेय.

हंगामाचा माल आला. खोकी उघडताना ड्वाइट हॅस्कल काउंटरला टेकून उभा होता. तू त्याला ओळखत नाहीस, तू गेल्यानंतर तो इकडे आला. लाकडाचा ट्रक चालवतो, आणि जाता-येता माझ्याकडे कॉफी पितो. पहिली रायफल त्याने खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "ओडील, तुमच्या गावात वारा पश्चिमेचा असतो का गं?"

"का?"

"नाही, ही माशी पूर्वेकडे झुकलीय."

नेम धरायची माशी, लूसिएन. नळीच्या टोकावर सरळ उभी असायची ती माशी. पपांनी दोन पेले पोटात असतानाही ती सरळ बसवली असती. दुसऱ्या रायफलीत दस्त्याचं लाकूड आणि लोखंड यांच्यात एवढी फट की ड्वाइटने त्यात खोक्यातलं कार्ड सरकवून दाखवलं. तिसरीची लिव्हर खाली ओढताना गंजलेल्या फाटकासारखी करकरली. आत बोट घातलं तर लोखंडाचा कीस लागला. काडतुसं भरायच्या झडपेला तर अशी धार की माझा अंगठा कापला. अजून पट्टी आहे.

त्या कार्डाबद्दल. प्रत्येक खोक्यात एक असतं: 'ही रायफल मी स्वतः तपासली आहे.' खाली तुझी सही, छापलेली. सही मी कुठेही ओळखीन. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पपांची सही ठोकायला तुला मीच शिकवलं होतं.

दोन रायफली परत पाठवल्या. बदली आल्या त्या त्यांच्याहून वाईट. उरलेल्या ठेवून घेतल्या. त्या कशा विकायच्या ते माझं मी बघते.

दुसऱ्या कंपनीचा माल ठेव, असं तू म्हणशील. दुकानाच्या पाटीवर 'पेंड्रिक' हे नाव पपांनी हाताने रंगवलंय. या खोऱ्यात दर घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक पेंड्रिक उभी असते आणि आजोबांच्या हातून ती नातवाकडे जाते. लोक माझ्याकडे बंदूक मागत नाहीत, पेंड्रिक मागतात. हे तुला सांगायला नको.

कनेटिकटचा कारखाना बंद झाला तेव्हा आपला चुलतभाऊ आर्मां आणि त्याच्या खात्यातले सगळे घरी बसले. तू यंत्रांबरोबर दक्षिणेत गेलास. पपांच्या दफनाला फुलं पाठवलीस. त्यावर कंपनीच्या नावाची फीत होती. मी आधी फीत कापली, मग फुलं ठेवली. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

उत्तर दे.

ओडील सीर


९ ऑक्टोबर २०११

लूसिएन,

उत्तर मिळालं. छापील कागद: 'सर्व नमुने कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत आहेत.' आणि खाली तुझ्या पेनाची एक ओळ: 'ओडी, लोकांना आता स्वस्त हवं असतं. समजून घे.'

कोणते लोक? परवा फर्नांड नातीसाठी रायफल घ्यायला आला. तुला कडेवर घेऊन नदीत डुंबायला नेणारा फर्नांड. नवी पेंड्रिक हातात घेतली, लिव्हर खालीवर केली, आणि अंगावर चढलेलं मांजर खाली ठेवावं तशी काउंटरवर ठेवली.

"कोण बनवतं ही?"

"लूसिएन."

त्याने टोपी डोक्यावर ओढली. पपांचा दोस्त आहे म्हणून शिव्या दिल्या नाहीत. नातीसाठी हातमोजे घेऊन गेला.

ड्वाइटची जुनी पेंड्रिक वसंतात जंगलातल्या खोपटाबरोबर जळून गेली. त्याला नवी हवी होती. मी म्हटलं, थांब, कुणाची जुनी मिळते का बघू. तर म्हणतो, "तुझ्या दुकानातून मी जुनी घेतली तर गाव म्हणेल, हॅस्कलचं आणि तिचं फाटलं."

गाव आणखी काय म्हणतं ते तू विचारू नकोस. पन्नाशी उलटलेल्या, नवऱ्यामागे पपांचंच आडनाव पुन्हा लावणाऱ्या विधवेच्या दाराआड कोणाचे बूट असतात ही तिची बाब आहे. पपा असते तर चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी त्याच्याबरोबर मासे धरायला गेले असते.

असो. त्याने त्यातल्या त्यात बरी निवडली. मी ती बाकावर घेऊन तपासली. बाहेरून जेवढं दिसतं तेवढं.

तुझ्या मर्यादा मला पाठव. कुठवर आहेत ते बघायचंय.

ओडील


८ नोव्हेंबर २०११

लूसिएन,

फोन करत नाही. तुझा आवाज ऐकला तर मी काय बोलेन सांगता येत नाही.

आपल्याकडे माणसं जंगलात कशी चालतात तुला ठाऊक आहे. काडतूस नळीत, आणि त्यावर आपटणारा मागचा घोडा अर्ध्या खाचेवर, ना पुरता खाली ना पुरता ताणलेला. अर्ध्या खाचेवरचा घोडा पडत नाही. चाप ओढला तरी नाही, दगडावर आपटला तरी नाही. पपांनी हे आपल्याला प्रार्थना पाठ व्हायच्या आधी शिकवलं.

शनिवारी दुपारी ड्वाइट टेकडीवरून खाली येत होता. ओल्या पानांवर पाय घसरला, तो बसला, आणि रायफलीच्या घोड्याची पाठ आडव्या पडलेल्या झाडावर आपटली. घोडा पडला. तो म्हणतो, आवाज आधी ऐकला आणि मग कळलं की तो आपल्याच हातातून आलाय. कमरेचा पट्टा काढून पाय आवळला आणि लाकडाच्या रस्त्यापर्यंत सरपटत आला. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांना तो दिसला.

बँगोरच्या हॉस्पिटलात काल त्याचा पाय गुडघ्याखाली काढला. डावा. ट्रकचा क्लच दाबतात तो.

शुद्धीवर आला तेव्हा मी खुर्चीवर होते. म्हणाला, "घोडा अर्ध्यावर होता, ओडील. मी बघितलं होतं."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणू नकोस. विश्वास आहे म्हण."

"विश्वास आहे."

मग तो झोपला. मी बाहेर येऊन कॉफीच्या यंत्राला लाथ मारली. एका नर्सने पाहिलं आणि मला कप भरून दिला.

शिकारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी माणसाने रायफल पाहिली, लिहून घेतलं, आणि ड्वाइटच्या सांगण्यावरून माझ्या ताब्यात दिली. दुकानाच्या तिजोरीत आहे. ये आणि बघ. तुझं कार्डही आहे खोक्यात.

ओडील


२६ नोव्हेंबर २०११

प्रिय लू,

तुझी गाडी वळणाआड गेली आणि मी कागद घेतला. तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही, तुलाही नाही. पपांचं आपल्याला एवढंच मिळालं.

तू येशील असं वाटलं नव्हतं. दारात उभा राहिलास तेव्हा आधी तुझे पांढरे केस दिसले, आणि मी 'आत ये' म्हणायच्या ऐवजी 'पाय पूस' म्हटलं. मटारचं सूप तू ममाच्या वेळी खायचास तसंच खाल्लंस, वाटी दोन्ही हातांत धरून. धिरडी दोनदा मागून घेतलीस. माझ्या हातची चव ममासारखी नाही हे मला माहीत आहे. तू 'तशीच आहे' म्हणालास. त्या खोट्याबद्दल राग नाही.

पपांच्या बाकावर बसून तू ती रायफल खोललीस तेव्हा मी दारातून बघत होते. भिंग डोळ्याला लावलंस आणि घोडा उजेडात फिरवत राहिलास. मला वाटलं, आता मर्यादेत आहे म्हणतो की काय. तू म्हणालास, "खाच नीट कापलेलीच नाही, ओडी. घोडा काठावर उभा होता. आमचंच काम आहे हे."

हे वाक्य मी इतकी वर्षं कोणत्या ना कोणत्या गोष्टीसाठी तुझ्याकडून ऐकायची वाट बघत होते.

जुन्या कारखान्यात प्रत्येक घोडा हाताने बसवणाऱ्या बायकांचं तू सांगितलंस. नवीन ठिकाणी त्या जागी कोणीच नाही, वरच्या साहेबांना सांगितलं की आधी माल बाहेर काढ म्हणतात, आणि कार्डावरच्या सहीला तुझी परवानगीसुद्धा नीट घेतली नाही, हेही सांगितलंस. मग मीही सांगून टाकलं. तुमच्या रायफली तशाच विकता येत नाहीत म्हणून मी लिव्हरची खरबड कानशीने घासते, झडपेची धार मोडते, मगच गिऱ्हाइकाच्या हातात देते. तू विचारलंस, "घोड्याला, चापाला हात लावलास?" मी नाही म्हटलं. पपांनी त्याला हात लावू दिला नव्हता, आणि पपा गेले तरी ती बंदी उठलेली नाही. तू मान डोलावलीस.

रायफल न्यायची का, असं तू विचारलंस तेव्हा मी ड्वाइटला फोन लावला. त्याचं सगळं बोलणं तुला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, लूसिएन ती कंपनीत सगळ्यांच्या समोर ठेवणार आहे. तो म्हणाला, "तुझा भाऊ आहे ना? मग मला काय विचारतेस. दे."

बँगोरला त्याला भेटून जायला तुला वेळ नव्हता, ठीक आहे. पुढच्या वेळी भेट. तो तुला हसवेल. आता पायावरून विनोद करायला लागलाय. म्हणतो, मोज्यांचा खर्च अर्धा झाला.

नाताळला वरची खोली मोकळी आहे. नेहमीच असते.

तुझी,
ओडी


१९ जानेवारी २०१२

श्री. लूसिएन सीर
प्रमुख, गुणवत्ता विभाग
पेंड्रिक रायफल कंपनी

महाशय,

तुमच्या वकिलांचं पत्र पोचलं. त्यात लिहिलंय की रायफल कंपनीने तपासली आणि तपासणीत तिचे भाग निकामी झाले, त्यामुळे ती परत देता येत नाही. पुढे लिहिलंय की विक्रेत्या बाईंनी रायफलीच्या भागांवर स्वतः कानस चालवल्याचं 'कंपनीच्या प्रतिनिधीसमोर आपणहून मान्य केलं आहे', सबब कंपनीवर जबाबदारी येत नाही.

कंपनीचा प्रतिनिधी. मी तीनदा वाचलं. मग लक्षात आलं की हा तोच, ज्याने माझ्याकडे धिरडी दोनदा मागून घेतली.

घोड्याला मी हात लावला नव्हता हे त्या प्रतिनिधीने त्यांना सांगितलं की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. खाच नीट कापलेली नव्हती हे भिंगातून कोणी पाहिलं, याचाही नाही. तिथे आपण दोघंच होतो. आणि दाखवायला आता रायफलही नाही.

मी ते पत्र ड्वाइटला वाचून दाखवलं. त्याला घरी आणलंय. घरी म्हणजे माझ्या घरी, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तू घासलीस माझी?"

"लिव्हर. झडप. बाकी काही नाही."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस."

दोन दिवस आमच्यात मीठ-मिरपूड देण्या-घेण्यापुरतं बोलणं झालं. दोन दिवसांनी तोच म्हणाला, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण तो मला मुद्दाम ठेवावा लागला, ओडील. आधी तो आपोआप होता." तुमच्या वकिलांना हे कळवा. त्यांच्या कागदात नुकसानीच्या रकान्यात कुठे बसत असेल तर बघा.

गावात बातमी पसरायला वकील लागत नाही. फर्नांड दुरुस्तीला ठेवलेली आपली बंदूक परत घेऊन गेला. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तू हात लावलेली आता नको." पपांच्या दुकानात, पपांच्या बाकाशेजारी उभं राहून म्हणाला. पाटी मी काल उतरवली. एकटीने, शिडी लावून. बर्फ होतं. पडले नाही.

आता मासेमारीचं सामान ठेवते. गळ कोणाचा पाय नेत नाही.

यापुढे पत्रव्यवहार नको.

ओ. सीर


१४ ऑक्टोबर २०१२

लूसिएन,

तुझं पत्र आलं. पाकिटावर कंपनीचा शिक्का नव्हता म्हणून आधी ओळखलंच नाही.

तू इकडचं काही विचारलं नाहीस, तरी सांगते. बँगोरच्या वकिलाने वसंतात सरळ सांगितलं, रायफल नाही, त्यात विक्रेतीची कानस, हे वर्षानुवर्षं चालेल आणि शेवटी हाती काही लागणार नाही. ड्वाइट तेव्हा नव्या पायाने उभं राहायला शिकत होता. दर रात्री जखम सोलवटायची. तो म्हणाला, एका वेळी एकच भांडण झेपतं. त्याने कंपनीच्या कागदावर सही करून दिली. जे देतील त्यात मिटलं, पुन्हा बोलणार नाही, असा कागद. मी त्याच्या शेजारी बसले होते आणि पेन मीच दिलं.

मग ऑगस्टमध्ये तुमची सूचना निघाली. गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या रायफली वापरणं थांबवा, परत पाठवा, घोडा फुकट बदलून मिळेल, खबरदारीचा उपाय म्हणून. खबरदारी. म्हणजे दुसरीकडेही घोडे पडले असणार. कोणाचं काय गेलं ते छापलेलं नव्हतं.

ती सूचना फर्नांड घेऊन आला. काउंटरवर ठेवली, टोपी काढली आणि उभा राहिला. माफी मागणं त्याला येत नाही, पपांच्या पिढीत कोणालाच येत नव्हतं. शेवटी त्याने गळांचं एक खोकं घेतलं. फर्नांडने आयुष्यात मासा विकत आणूनच खाल्लाय. मी त्याला सुटे परत दिले आणि 'सांभाळून जा' म्हटलं. त्यापेक्षा जास्त मलाही आलं नाही.

तुला कामावरून काढल्याचं आर्मांकडून कळलं होतं. कोणाची तरी मान हवी होती आणि कार्डावर सही तुझी होती. तू लिहितोस की त्यांनी सगळं तुझ्यावर ढकललं. लिहितोस की तू त्यांना फक्त माझ्याकडून ऐकलेलं सांगितलंस, बाकी वकिलांनी केलं. लिहितोस की घर गेलं, तिकडे आता कोणी नाही, आणि विचारतोस, वरची खोली अजून मोकळी आहे का.

मी 'नाही' लिहिलं होतं. एवढंच. कागद पाकिटात घालायचा राहिला होता, टेबलावर होता. ड्वाइट सकाळी कॉफी घेऊन बसला आणि तुझं पत्र आणि माझं, दोन्ही वाचली.

"एकच शब्द?"

"पुरेसा आहे."

"हिवाळ्याची लाकडं कोण फोडणार? मी एका पायावर, की तू त्या दुखऱ्या खांद्याने?"

"माणूस लावू."

"लावू. पण माणसाला मला काही विचारायचं नाहीये. याला विचारायचंय."

"काय?"

"ते मी त्याला विचारीन."

मी खूप बोलले, लूसिएन. त्याला म्हटलं, लूसिएन माझा भाऊ आहे, तुझा कोणी नाही, तुला एवढा मोठेपणा करायची गरज नाही, असंही बोलले. त्याचं हट्टाने धरलेलं चांगलेपण मला कधी कधी तुझ्या वाईटपणापेक्षा जास्त त्रास देतं. तो कॉफी संपेपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "मोठेपणा नाही करत. त्याला एकदा माझ्यासमोर बसलेला बघायचाय. त्याला न भेटताच तुझ्या हातून मी रायफल देऊन बसलो, आता त्याने स्वतः यावं."

तर ये.

पण कसं ते वाच. जेवणाच्या टेबलावर तू ड्वाइटच्या समोर बसशील, माझ्या शेजारी नाही. जेवताना तो पाय काढून खुर्चीला टेकवून ठेवतो, तिकडून नजर वळवू नकोस. तो जे विचारायचं ते विचारेल. मी उठून आत जाणार नाही, आणि तुझ्या बाजूने एक शब्द घालणार नाही, लहानपणी घालायचे तसा. वकील, वरचे साहेब, ढकलाढकली यातलं काही त्याला सांगू नकोस. विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर दे. खोटं बोललास तर मला कळेल, त्याला कळेल, आणि सकाळची बस परत जाते.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकलीय, ती ड्वाइट म्हणाला म्हणून. धिरडी होतील, कारण आमच्यासाठी होणारच असतात.

बस दुपारी चौकात थांबते. तिथून घर लांब आहे आणि चढ आहे, तुला आठवत असेल. मी घ्यायला येणार नाही.

चालत ये.

ओडील